दोन खुर्च्यांचे सबनीस

सबनीसांनी मला पाण्याच्या टाकीवर चढवलं तेव्हा माझ्या गुडघ्यांनी आधीच संप पुकारला होता. पंप धोंडिबाने लावला होता. तो बेडसे गावचा, आमच्या सोसायटीचा रखवालदार. "आबा, टाकी भरली. म्याच वर जाऊन बघितली न्हवं का," तो सबनीसांना परत परत सांगत होता. पण सबनीसांना ते चालेना. पाणी ज्यानं सोडलं, त्यानंच ते भरलं असं म्हणायचं नाही, दुसऱ्यानं बघायचं. तो दुसरा म्हणजे मी.

तुंगार्लीतल्या आमच्या बंगल्यांच्या सोसायटीचे सबनीस सचिव आहेत, म्हणजे सगळं तेच करतात. मी अध्यक्ष, म्हणजे त्यांच्यावर संशय घ्यायचा. हे पदही त्यांनीच माझ्या गळ्यात मारलं. मी कंटाळून 'ठीक आहे' म्हटलं की ते खट्टू होतात. "न बघता ठीक म्हणू नका, अध्यक्ष."

याचं मूळ दिल्लीत आहे. देशाची आकडेवारी काढणाऱ्या एका कार्यालयात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे कार्यालय चालवणारे साहेब आणि त्या कार्यालयावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष एकच. सबनीस दर बैठकीत म्हणायचे, खुर्च्या दोन करा, चालवणारा वेगळा, विचारणारा वेगळा. साहेब हसून चहा मागवायचे. सबनीसांची बढती तेवढी कायमची राहून गेली.

गेल्या वर्षी त्यांची बायको गेली. तेव्हापासून ते रोज सकाळी माझी बेल वाजवू लागले. आज गटार बघा, उद्या दिवे बघा. मी अगदी थकून गेलो आणि परवाच्या सभेत राजीनामा दिला. सगळे म्हणाले, मग दोन्ही पदं सबनीसांनाच देऊ, नाहीतरी तेच बघतात.

"तसं असेल तर मी सचिवपणही सोडतो," सबनीस म्हणाले आणि खाली बसले. या कामाशिवाय त्यांना दुसरं काही उरलेलं नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळे उठून घरी गेले. मीही गेलो.

त्याच संध्याकाळी ते माझ्या दारात उभे. मला वाटलं, भांडायला आले. हातात झाकलेली वाटी होती.

"आमटी आहे," ते म्हणाले. "मीच करतो, मीच चाखतो, मीच छान म्हणतो. वर्षभर हेच चाललंय. घरातल्या दोन्ही खुर्च्या माझ्याकडे आल्यात हो."

मला फार वाईट वाटलं. मी तिथंच उभ्यानं चाखली आणि 'छान' म्हणणार होतो. मग थांबलो, आणखी एक घोट नीट घेतला.

"चिंच जास्त झालीय, सबनीस."

खरंच झाली होती. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला.

"हीसुद्धा हेच म्हणायची," ते म्हणाले. वाटी परत घेऊन त्यांनी ती झाकली. "उद्या कमी घालतो. आणू ना, अध्यक्ष?"

"आणा," मी म्हटलं.