कोंडा कोणी खाल्ला

चंद्रप्रकाश परबने घरातली पिठाची चाळण ट्रंकेत टाकली, ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली गंजीफ्राकच्या आत दोऱ्याला अडकवली. नलिनी परात घेऊन उभी होती. एका चाळणीसाठी एवढं कुलूप लावलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

कारण हसण्यासारखं नव्हतं. आदल्या दिवशी स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी त्याची लघवी नळीतल्या निळ्या औषधात घालून तापवली होती आणि नळीतला रंग विटकरी झाला होता. म्हणजे साखर. चंद्रप्रकाशची आई ह्याच साखरेनं गेली, पायाच्या अंगठ्याला साधं खरचटलं होतं तिथून सुरुवात. डॉक्टर म्हणाले, गोड कमी करा, चालत जा, धान्य अख्खं खा, पिठातला कोंडा टाकू नका. तीन महिन्यांनी या, तोपर्यंत उतरली नाही तर सुया चालू करू. आता गोड कमी करा हे तर सगळेच सांगतात. कोंडा खा हे त्याला पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून तेवढंच त्याच्या डोक्यात घट्ट बसलं.

नलिनीची अडचण वेगळी होती. ती मालवणकडची. लहानपणापासून भात आणि पेज. इथे बोरिवलीत त्या वर्षी रेशनवर तांदूळ नावाला आणि गहू पोतंभर, म्हणून ती पलीकडच्या गुजराती बाईकडे बसून चपाती शिकली. एक वर्ष लागलं. दोन महिन्यांपूर्वी तिची पहिली चपाती तव्यावर टम्म फुगली, तेव्हा तिने सासऱ्यांना हाक मारून दाखवली होती. आणि आता ही कोंड्याची चपाती. फुगायचं नाव नाही, कडा फाटलेल्या, थंड झाली की वाकवली तर मोडायची.

सासरे, धोंडूबाबा, तीस वर्षं परळच्या कापडगिरणीत काढलेला माणूस. तोंडात चार दात, तेही एकमेकांसमोर नाहीत. तीन दिवस ते चपाती चहात बुडवून वाट बघत बसले. चौथ्या दिवशी त्यांनी ताट सरकवलं.

"गो नलू, ह्येच्यापरास मशीनीचो पट्टो मऊ होतो."

त्या दिवशी चंद्रप्रकाश आंघोळीला गेल्यावर नलिनी परात घेऊन मागच्या दाराने एमिलियाबायकडे गेली. एमिलिया म्हणजे बॅप्टिस्टांची सून, वाडीच्या मालकीणबाई. एकसर गावात त्यांची जुनी भातशेती होती, आता त्यात पाच खोल्या भाड्याने आणि मागे कोंबड्या. नलिनीने तिची चाळण मागितली, तिथेच अंगणात बसून पीठ चाळलं, परत मऊ चपात्या लाटल्या.

नलिनीच्या आईची एक शिकवण होती, शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. घरात द्यायला काही नव्हतं, म्हणून तिने चाळण कोंड्यासकट परत केली. तो कोंडा कोंबड्यांनी दोन मिनिटांत संपवला. पण शिकवण बॅप्टिस्टांच्या घरातही तीच होती. दुसऱ्या दिवशी एमिलियाकडून वाटी आली, वाटीत दोन अंडी. मग वाटी रिकामी कशी द्यायची? पुन्हा कोंडा. पुन्हा अंडी. असं ते चालूच राहिलं, थांबवणार तरी कोण? अंडी उकडून धोंडूबाबांना मिळायची आणि त्या बोलीवर धोंडूबाबा गप्प होते.

चंद्रप्रकाश मात्र खूश. त्याने नलिनीला सांगितलं की बघ, सुरुवातीला जड जातं, मग जिभेला सवय झाली की कोंड्याची चपातीसुद्धा मऊ लागते. नलिनी हो म्हणाली. तो प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा, त्यामुळे चारच्या जागी दोन चपात्यांत ऑफिसची वेळ व्हायची. जवळच्या चक्कीत पीठ गरम होतं म्हणून दिवसाआड डबा खांद्यावर घेऊन शिंपोलीच्या दगडी चक्कीपर्यंत पहाटे चालत जायचा, तासभर जाऊन-येऊन. महिन्याभरात त्याची पँट कमरेत सैल झाली. त्याने नव्या भोकासाठी पट्टा चांभाराकडे दिला आणि तो चांभारालाही कोंडा सांगून आला.

मग वाडीत सांगायला लागला. गंमत म्हणजे लोक ऐकायला लागले, कारण माणूस समोर दिसत होता. आधी गुजराती बाईने चाळणं सोडलं, मग बाकीच्या तीन घरांनी, शेवटी एमिलियाच्या नवऱ्याने, मालक इसिडोर बॅप्टिस्टने, स्वतःच्या घरात चाळण बंद केली. आता कोंबड्यांना कोंडा कुठून मिळणार? एमिलिया एक दिवस सकाळी मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"नलिनी, तुज्या घोवानं माज्या कोंबड्या उपाशी मारल्या ना गं. आता सगल्या वाडीत कोंडा फक्त तुज्याच घरचा."

नलिनीला त्या सकाळी पहिल्यांदा नीट समजलं की आपण काय करून बसलोय. रोज सकाळी ती ज्या माणसासाठी देवाला हात जोडत होती, त्याचंच औषध कोंबड्यांना घालत होती. ठरवलं की उद्यापासून चाळायचं नाही. पण उद्या म्हणजे धोंडूबाबांचे चार दात. आणि मऊ चपातीला 'वा' म्हणणारा नवरा. आता अचानक कडक झाली तर तो विचारणारच. तिने अजून एक दिवस चाळलं. मग अजून एक.

तीन महिने झाले. नळी पुन्हा तापवली. रंग हिरवट आला, त्यातही निळ्याकडे झुकणारा. डॉक्टर म्हणाले, "सुई नको. जे करताय तेच चालू ठेवा."

चंद्रप्रकाश हे ऐकून घरी नुसता आला नाही, रविवारी सकाळी बॅप्टिस्टांच्या ओटीवर सगळ्या वाडीला बोलावून आला. खाली सतरंजी, इसिडोरसाठी खुर्ची. कोंडा म्हणजे काय, आपण तो फेकून कसे स्वतःचा घात करतो, आपली आई कशी गेली, सगळं सांगितलं. गुजराती बाईने डोळे पुसले. मग त्याने नलिनीला हाक मारली की परात घेऊन ये, ह्यांना पिठातले लाल कण दाखवू दे.

नलिनी दारातच थांबली. परातीत आताच चाळलेलं पीठ होतं, दुसरं पीठ घरात नव्हतं. पण सगळी वाडी मान वळवून बघत होती. ती परात घेऊन ओटीकडे निघाली आणि तिच्या मागून कोंबड्या निघाल्या. पहिल्या दोन, मग चार, मग सगळ्या अकरा. ओटीच्या पायऱ्या चढल्या आणि सतरंजीवर तिच्या पायाभोवती माना वर करून उभ्या राहिल्या. एक पांढरी तर परातीच्या काठावर टोच मारायला लागली.

कोणालाच काही समजेना. इसिडोर साधा माणूस, त्याने समजावून सांगितलं.

"रोज सकाली हिच्याच मागं अस्तात रे त्या. तुज्या घरचा कोंडा खात्यात ना. चांगला असतो, अंडीबी वाढली."

चंद्रप्रकाशने परातीत बघितलं. पीठ पांढरंशुभ्र. मग त्याने वर बघितलं.

"कधीपासून?"

"चौथ्या दिवसापासून," नलिनी म्हणाली.

पलीकडे धोंडूबाबा एकदम छतातली कौलं मोजायला लागले होते.

भाषण तिथेच संपलं. लोक चांगले होते, कोणी तोंडावर हसलं नाही, घरी जाऊन हसले. चंद्रप्रकाश दिवसभर खाटेवर पडून होता. राग आला होता, पण राग कशावर धरायचा हेच त्याला जमेना, कारण साखर तर उतरली होती. कोंडा नव्हता, मग काय होतं? चक्कीपर्यंतची वाट? बत्तीस वेळा चावणं? चारच्या दोन झालेल्या चपात्या? का आईच्या आठवणीने सुटलेला चहातला गूळ? डॉक्टर म्हणाले होते, जे करताय तेच चालू ठेवा. आपण नक्की काय करत होतो, ते डॉक्टरांना माहीत नव्हतं आणि आता त्यालाही नव्हतं.

संध्याकाळी तो उठला, ट्रंक उघडली आणि चाळण काढून नलिनीच्या हातात दिली.

"घे. चाळ."

नलिनीने ती परत ट्रंकेत ठेवली. "नाही चाळणार," ती म्हणाली. "कोंडा न खाता एवढी उतरली. खाल्ला असता तर अजून उतरली असती, कोणाला माहीत? तुमच्या आईंच्या वेळी कोणी सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलंय. मी परत नाही चोरी करणार."

एवढे दिवस चंद्रप्रकाशच तर हे सांगत होता.

दुसऱ्या दिवसापासून घरात खरी कोंड्याची चपाती सुरू झाली. धोंडूबाबांना वेगळी पेज मिळायला लागली, रेशनच्या तांदळाची, आणि त्यांनी ती तक्रार न करता ओरपली. नलिनी आणि चंद्रप्रकाश समोरासमोर बसून चावायचे. नलिनीने विचारलं, कशी झालीय? तो म्हणाला चांगली झालीय. त्यानेही तिला तेच विचारलं, तिनेही तेच उत्तर दिलं. दोघांच्या जबड्यांचा आवाज शेजारी ऐकू जायचा. चक्कीची चाल त्याने सोडली नाही, उलट आता रोज जायला लागला, पीठ असो नसो.

आठवड्याने एमिलियाकडून वाटी आली. वाटीत एक अंडं.

नलिनी वाटी घेऊन उलट पावली तिच्याकडे गेली आणि म्हणाली की बाय, आता आमच्याकडून कोंडा येत नाही, हे अंडं कशाचं?

"कोंडा नाय, चपाती येते ना," एमिलिया म्हणाली. "तुजा घोव रोज पहाटे चालायला जाताना खिशातनं अर्धी चपाती काढून घालतो कोंबड्यांना. तुला सांगून नाय घालत?"

अंगणात पांढरी कोंबडी नलिनीकडे मान वाकडी करून बघत होती. आता रिकामी वाटी परत कशी द्यायची? तिने इकडेतिकडे बघितलं, पदराच्या गाठीतून कालची आपली अर्धी चपाती काढली आणि वाटीत ठेवली.