ओटीतले चाळीस दिवस

आमच्या गावात गरोदरपणात न वापरलेले दिवस दुसरीच्या ओटीत घालता येतात. प्रत्येकीला नऊ महिने नऊ दिवस मिळतात. लवकर सुटका झाली, तर उरलेले तिच्याच नावावर राहतात. उपकेंद्रात त्याचा एकपानी अर्ज मिळतो.

मला सातवा सरताच कळा सुरू झाल्या. घोलप सिस्टरने घरी येऊन तपासलं आणि चष्मा पुसत म्हणाली, "बासष्ट दिवस कमी पडतायत. संध्याकाळपर्यंत जमवा. बाळ फार इवलं आहे."

मी घाबरून रडायलाच लागले. सासूबाईंनी मात्र पदर खोचला. "रडू नकोस गं. तुझा नवरा जन्माचा उतावळा, अकरा दिवस आधीच आला. ते घे." त्यांनी तांदूळ, नारळ आणि अकरा दिवस माझ्या ओटीत घातले. मग आळीतल्या बायका आल्या. कुणी तीन दिले, कुणी पाच. जिचा अर्धाच दिवस उरला होता, तीसुद्धा लाजत लाजत देऊन गेली. तरी चाळीस कमीच.

तेवढ्यात गोदाकाकू दाराशी आल्या. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांचं बाळ आठव्यात गेलं, वर्षभरात नवराही. तेव्हापासून ओटी भरायला त्यांना कुणी बोलावत नाही, आणि त्यांची भरतही नाही. माझ्या डोहाळजेवणाला मीही बोलावलं नव्हतं.

"माझे चाळीसेक दिवस तसेच पडून आहेत," त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "जुने आहेत. चालतील का?"

सासूबाईंनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने अर्ज उलटसुलट वाचला. "यात सवाष्ण असा रकानाच नाही. आणि दिवस काही नासत नाहीत. आत या, काकू."

काकूंनी माझ्या ओटीत ओंजळ रिकामी केली. कळा थांबल्या.

शेवटचे चाळीस दिवस मला भाजलेल्या चिंचोक्यांचे डोहाळे लागले. ते काकूंचे राहून गेलेले होते. चिंचोके त्याच भाजून आणत.

मुलगी वेळेवर झाली, तीन किलोची. बारशाला मी काकूंना बोलावलं. सिस्टर त्यांच्या चाळीस दिवसांची पोच घेऊन आली. मी सही केली.

"ही ओटीतच द्यायची असते," ती म्हणाली.

"काकू, माझी लेक तुमच्यामुळे आहे," मी म्हटलं.

काकू उभ्याच राहिल्या. पदर कसा धरायचा, हे त्या विसरल्या होत्या. सासूबाईंनी पुढे होऊन तो पसरून धरला. मी आधी तांदूळ घातले, मग नारळ, मग पोच.