ह्यात आधी काय व्हतं?

पिंपरी पेंढारच्या एका लग्नात वाढप्या मठ्ठ्याची बादली घेऊन पंगतीत आला, तेव्हा आमच्या शेजारच्या किसनआप्पांनी ग्लासावर पंजा ठेवला. "ह्या बादलीत आधी काय व्हतं?"

"आधी बी मठ्ठाच व्हता, पावणं!"

"त्याच्या आधी?"

पंगत हसली. आप्पा पाणी पिऊन उठले.

हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यात आप्पांची सारी नोकरी सरली. निवृत्त झाले, पण तो प्रश्न काही निवृत्त झाला नाही. घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या असत : 'आधी खोबरेल, आता मेथ्या.' नारायणगावात चहाला गेले तरी पिशवीतून स्वतःचा पेला निघे. बायको वारलेली, मुलगी लांब सुरतेला. गावात त्यांना 'आधीआप्पा' म्हणत. मीही म्हणत असे, पाठीमागे.

मी द्राक्षाच्या जुन्या पॅकिंग शेडमध्ये बंदिस्त शेती सुरू केली. एकावर एक कप्पे, वर जांभळे दिवे, मातीऐवजी नळ्यांतून फिरणारं खताचं पाणी. पालक आणि लेट्यूस. शेडमध्ये किडा शिरत नाही, त्यामुळे औषध मारायचं कारणच नाही. पाकिटांवर मी ठळक छापलं : 'फवारणीविना'.

पहिल्याच सकाळी आप्पा हजर. कप्पे पाहिले, दिवे पाहिले आणि पाण्याच्या निळ्या पिंपांपाशी थांबले.

"ह्यात आधी काय व्हतं?"

"नवी कोरी आहेत, आप्पा," मी म्हणालो.

पिंपं भंगारवाल्याकडची होती. त्यांना औषधाचा उग्र वास येत होता. मी ती दोनदा धुतली, वास गेला, आणि विषय संपला असं मी ठरवून टाकलं.

आप्पांनी मात्र माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. तेव्हापासून ते रोज सकाळी येत, पिवळी पानं खुडत, माझ्याशी गप्पा मारत. कधीकधी मला त्यांचा कंटाळा येई. दर गुरुवारी उरलेला पालक ते अंगणवाडीत नेऊन देत. "पोरांला बिनऔषधाचं मिळतंय, लई ब्येस," म्हणत.

अशाच एका गुरुवारी पुण्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला. तपासणीत माझ्या पानांत कीटकनाशक सापडलं होतं. मी तर थेंबही फवारला नव्हता. माझी नजर पिंपांकडे गेली. आप्पा सकाळीच जुड्या घेऊन अंगणवाडीत गेले होते.

मोटारसायकल दामटत मी अंगणवाडी गाठली. मुलं ताटल्या घेऊन बसली होती, आप्पा कोपऱ्यात उभे राहून कौतुकाने बघत होते.

"वाढू नका! पालक घातलाय त्यात!" मी दारातूनच ओरडलो.

सेविकाबाईंचा डाव हवेतच राहिला. "का? काय झालं?"

मी आत जाऊन पातेल्यावर झाकण ठेवलं. आप्पांनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं.

"माझी चूक झाली, बाई," ते म्हणाले. "फवारलेल्या वावरातला पालक उचलला मी. बघितलंच न्हाई."

"आप्पा, तुम्ही? आता कृपा करून काही आणत जाऊ नका."

आप्पांनी मान खाली घातली. मी खरं न सांगताच बाहेर आलो आणि गाडी सुरू केली.

ते मागे बसले. गाडी ओढ्याच्या पुलापर्यंत आल्यावर मी विचारलं, "माझं पाप अंगावर का घेतलंत?"

ते म्हणाले, "तुझी शेड बंद पडली, तर सकाळी उठून मी जायचं कुठं?"

मला आरशात त्यांच्याकडे बघवेना. मी गाडी अंगणवाडीकडे वळवली.

"कुठं चाललास?"

"खरं सांगायला."

पिंपांपासून खोटेपणापर्यंत सगळं मी सांगितलं. आधीच्या गुरुवारांचंही सांगितलं. बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. त्याच दुपारी मुलांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एकेकाला तपासलं, सगळी ठणठणीत निघाली. मुलं घरी जाईपर्यंत मी बाहेर बसून होतो. एकेक आई माझ्याकडे बघत जात होती. कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून पाकिटं फेकायला सांगितलं, नळ्या रिकाम्या केल्या, दिवे बंद केले.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये काहीच काम नव्हतं. तरी मी उजाडताच गेलो, दारापाशी बाकडं टाकलं आणि आप्पांची वाट बघत बसलो.