खालच्या मजल्याचे वजन

आमच्या इमारतीत कुणाचे वजन घटले, की ते बरोबर खालच्या घरात राहणाऱ्याच्या अंगाला लागते. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरची मंडळी सडपातळ आहेत आणि तळमजल्यावर सहसा कुणी बारीक राहत नाही.

अपवाद कुमुदताई रेडीज. निवृत्त शिवणशिक्षिका, वजन छत्तीस किलो दोनशे ग्रॅम. त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, सोसायटीचे सेक्रेटरी सावर्डेकर एकटे राहतात आणि त्यांनी अकरा वर्षांत एक ग्रॅम खाली सोडलेला नाही. पहाटे पाचला उठून मी रोजनिशी लिहितो, तीत तशी नोंद आहे. सावर्डेकरांच्या वर मी.

मे महिन्यात ताईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टर म्हणाले, चाळीस किलो भरल्याशिवाय भूल देणार नाही; अठरा जुलैला या. ताई दोन वर्षे उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या.

माझे वजन चौऱ्याऐंशी. त्यातले चार किलो ताईंना द्यावे असे मी नलिनीला, म्हणजे बायकोला, सुचवले. तिने मासिकातले कात्रण शोधून काढले. त्यात चयापचय वाढवणारे पदार्थ दिले होते: कुळीथ, हिरवी मिरची, आले, दालचिनी, बिनसाखरेची काळी कॉफी. तीन आठवडे मी कुळथाची पिठी भाताशिवाय प्यायलो. दीड किलो गेले. ते सावर्डेकरांच्या पोटावर जाऊन बसले.

“थोडं खाली सोडा की,” मी त्यांना म्हणालो.

“अहो खातू, तुम्ही टाकायचं, मी सांभाळायचं आणि वर बोलणी पण मीच खायची?”

मी त्यांनाही पिठी पाठवू लागलो. त्यांनी ती भातावर घेतली, वर तूप. निरोप आला: पिठी झकास, भात अंमळ कमी पडला.

अशा वेळी काय करावे हे कात्रणात नव्हते. उपाय ताईंनीच सांगितला. “अरे दिगंबर, तूच एक मजला खाली ये ना. मग मधे कुणी राहणारच नाही.”

मी वळकटी घेऊन सावर्डेकरांच्या बाहेरच्या खोलीत राहायला गेलो. त्यांची हरकत एवढीच, की मी समोर बसून पिठी प्यायलो तर त्यांची भजी बेचव होतात.

“भिंतीकडे तोंड करून प्या,” ते म्हणाले. मी तसे प्यायलो.

ताई भरू लागल्या. नलिनी रोज सकाळी त्यांच्याकडचा काटा वाचून जिन्यातून आकडा सांगायची. सदतीस. अडतीस आठशे. सतरा जुलैला एकोणचाळीस सातशे. माझे वजन मात्र आठ दिवस हलले नव्हते. मिरच्या वाढवल्या, तर नुसती उचकी लागली.

“राहू दे रे दिगंबर,” ताई खालच्या खिडकीतून म्हणाल्या. “दोन वर्षं बसले, अजून एक बसेन.”

सावर्डेकरांच्या हातात तेव्हा गुळाच्या खाज्याची पुडी होती. त्यांनी ती बंद करून टेबलावर ठेवली.

“त्या पातेल्यात काही उरलंय का?” त्यांनी विचारले.

ते भिंतीकडे तोंड करून प्यायले. भात मागितला नाही. मग अंधार पडेपर्यंत घरातल्या घरात फेऱ्या मारत राहिले. अठराला सकाळी सहा वाजता नलिनीने जिन्यातून सांगितले, “चाळीस.”

शस्त्रक्रिया नीट झाली. सप्टेंबरात ताई काठी टेकत जिना चढल्या आणि सावर्डेकरांच्या दारात थांबल्या. मी तिथेच होतो.

“एक विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. “पहाटे पाचला उठून तारीख लिहावीशी वाटते, ते दिगंबरचं, ते कळलं. पण दुपारी चारला मला खाजं आठवतं. ते कुणाचं?”

“माझं,” सावर्डेकर पंख्याकडे बघत म्हणाले. “तीनशे ग्रॅम. करमत नाही हो त्याच्याशिवाय.”

“मग आधी सांगायचं नाही का?”

आता दर गुरुवारी ताई आणखी एक मजला चढून आमच्याकडे येतात. सावर्डेकरांची खुर्ची जिथे आहे, तिच्या बरोबर वर आम्ही पाट मांडतो. त्यावर बसून त्या भाताशिवाय पिठी पितात आणि तासभर नलिनीशी गप्पा मारतात. गेल्या गुरुवारी चाळीस ग्रॅम उतरले.

खालून सावर्डेकरांचा आवाज आला, “पोचलं.”