बिराजदार सर परिचय करून देतात

"माझं लई जळून राहिलंय, पण खरं सांगतो," असं म्हणून बिराजदार सर माइक हातात घेत.

आमच्या नांदेडच्या विद्यापीठात नवा प्राध्यापक रुजू झाला, की स्वागताच्या कार्यक्रमात त्याचा परिचय करून द्यायचं काम सरांचं. जळतंय हे ते लपवत नसत. "हे माझ्यापेक्षा बारा वर्सांनी लहान हायत. केसं बी जास्त. दोन दिस मला भाकर गोड लागणार न्हाई." नवा प्राध्यापक कसनुसा हसे.

सर मूळचे निलंग्याकडचे. पदार्थविज्ञान शिकवत, तेही गेली चौदा वर्षं तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास, तेवढाच मास्तर. लातूरच्या एका क्लासवाल्यानं त्यांच्यासाठी दोनदा गाडी पाठवली. चौकात मोठ्ठा फोटो लावतो म्हणाला. सर म्हणाले, "मी हासताना कसा दिसतो ते बघायला लोकं थांबतील. अपघात व्हईल." दोन्ही वेळा गाडी रिकामी परत गेली.

बायोडाटा वाचून परिचय करून देणं त्यांना मान्य नव्हतं. "बायोडाटा माणूस सोता लिहितो. सोताबद्दल खरं कोण लिहितंय?" मग ते एसटीनं त्या माणसाच्या गावी जात, स्टँडवरच्या हॉटेलात बसत आणि येईल त्याला विचारत, "चौथीत गणितात किती पडले व्हते त्याला?" देगलूरच्या एका पीएच.डी.वाल्याचे सात मार्क त्यांनी थेट व्यासपीठावरून जाहीर केले. उमरीच्या एका सरांनी लहानपणी शाळेची घंटा म्हशीच्या गळ्यात बांधली होती, हेही विद्यापीठाला त्यांच्यामुळेच कळलं.

तरी कुणी रागावत नसे. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या नव्या माणसाच्या आईवडिलांसाठी राखायच्या, हा सरांचाच नियम. लेकाचे सात मार्क ऐकून म्हातारा असा काही खुले, की लेकालाही हसावंच लागे.

त्या वर्षी आमच्या विभागात एकच जागा निघाली. मुलाखतीला उमेदवार म्हणून सर होते आणि त्यांच्यासारखाच तासिकेवरचा मीही होतो. जागा मिळाली सुनंदा माने नावाच्या तिसरीलाच.

मी पत्रकांवर वाढलेला. वडील कामगार संघटनेत, घरात वह्या नसत पण पत्रकं असत. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. निकाल कळला तसा लिहायलाच बसलो. 'गुणवत्तेचा गळा कोणी घोटला?' शंभर प्रती छापून आणल्या. स्वागताच्या कार्यक्रमातच वाटायच्या ठरवल्या आणि पहिली सरांना दिली.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून शेवटपर्यंत वाचलं.

"कॉम्रेड, हे तत्त्वासाठी हाय, का जळतंय म्हणून?"

"तत्त्वासाठी!"

"जळत असंल तर वरच तसं लिही. माझं बी जळून राहिलंय. पण मी सांगून जळतो."

"म्हणजे तुम्ही तिचाही परिचय करून देणार?"

"देणार की. उद्याच चाललो तिच्या गावाला. काही सापडलं तर तुला बी सांगतो, पत्रकात घाल."

सातसुद्धा नकोत, चारच मार्क निघावेत, अशी मी तत्त्वनिष्ठ प्रार्थना केली.

सर परत आले. दोन दिवस मी विचारून थकलो.

कार्यक्रमाला पत्रकांची पिशवी घेऊन मी दाराशी उभा राहिलो. पहिल्या रांगेतल्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. सरांनी माइक घेतला.

"माझं लई जळून राहिलंय, पण खरं सांगतो. बाईंचं गाव त्र्याण्णवच्या भूकंपातलं. जुन्या गावात गेलो, तिथं आता बाभळी हायत. मग नव्या गावात जाऊन हॉटेलात बसलो. इचारलं, मान्याच्या सुनंदाला चौथीत गणितात किती पडले व्हते? आता सांगणार कोण? आई, बाप, भाऊ, शिकवणारे गुरुजी, सगळे त्याच पहाटे गेले. शाळेचं रजिस्टर बी मातीखाली. तवा लिहून घ्या. शंभरपैकी शंभर. मी सांगून राहिलो. कुणाची हरकत असंल तर आत्ताच बोला."

ते माझ्याकडेच बघत होते. पिशवी मी पाठीमागे घेतली.

सर खाली उतरले आणि पहिल्या रांगेतल्या वडिलांच्या खुर्चीत जाऊन बसले. मग वळून मला हाक मारली, "कॉम्रेड, ये इकडं."

मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "सर, ही आईची खुर्ची आहे."

"तुला कुणी इचारलं? बस."

पिशवी खुर्चीखाली सरकवून मी बसलो. माने बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी समोर आमच्याकडे पाहिलं आणि माइकची वायर नुसतीच सारखी करत राहिल्या.

सर माझ्या कानाशी आले. "अजून जळतंय का?"

"हो."

"माझं बी," म्हणाले, आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागले. बाईंनी अजून एक शब्दही उच्चारला नव्हता.