भोंगा, भाषण आणि आत्या

भोंगा वाजला नाही.

छताकडे माना वर करून उभे असलेले चौदा शेजारी, अग्निशमन दलाचे एक अधिकारी, माझी पत्नी आणि वरच्या मजल्यावरची आत्या, कुणीच हलेना. इतकी गाढ शांतता मी आजवर केवळ माझ्या काव्यवाचनानंतरच अनुभवली होती!

वास्तविक इमारतीच्या अग्निसुरक्षा समितीचा प्रमुख या नात्याने मी छातीठोकपणे सांगितले होते, "या इमारतीत माझ्या परवानगीवाचून ठिणगीसुद्धा जन्म घेणार नाही!" धुराची वर्दी देणारे भोंगे घरोघरी मीच बसवले. अडून बसली ती फक्त आत्या. एकटीच राहणारी, विसराळू. महिन्याभरात दोन पातेल्यांचा कोळसा केलेली. तिच्या काळजीने माझ्या तोंडची चव गेली होती. म्हणून तिची खात्री पटवण्यासाठी हे प्रात्यक्षिक माझ्याच स्वयंपाकघरात, आणि त्याआधी 'अग्नी : एक आदिम एकाकीपण' या विषयावर माइकवरून चाळीस मिनिटांचे भाषण.

"चाचणीच्या बटणाचं सोडा, खरा धूर दाखवतो!" मी माइकमधून गरजलो आणि पत्र्याच्या डब्यातल्या ओलसर रद्दीला काडी लावली. अधिकाऱ्यांनी निमूटपणे पाण्याची बादली जवळ ओढली.

धूर उठला. आधी विरहासारखा तलम, मग संसारासारखा दाट! शेजारी खोकू लागले. भोंग्याचे मौनव्रत अभंग!

अधिकाऱ्यांनी डब्यात पाणी ओतले, स्टुलावर चढून भोंग्याचे झाकण उघडले. "साहेब, आत सेलच नाही."

"चोरी!" मी माइकमधून ओरडलो.

"अहो," पत्नी शांतपणे म्हणाली, "सकाळी तुमचा माइक बंद पडला होता. त्यात चौकोनी सेल कुठून आणून घातलात?"

माइक माझ्या हातात एकाएकी मणभर जड झाला. सगळे खोकता खोकता हसू लागले.

इतक्यात वरच्या मजल्यावरून कर्णकर्कश किंकाळी!

"अगं बाई, माझं दूध!" आत्याने कनवटीची किल्ली अधिकाऱ्यांच्या हातात कोंबली. ते तीन-तीन पायऱ्या ओलांडत धावले, मागोमाग आम्ही. पातेले काळेठिक्कर, शेजारचा पडदा तपकिरी पडू लागलेला, आणि छतावर एक भोंगा जिवाच्या आकांताने बोंबलत होता.

अधिकाऱ्यांनी गॅस बंद केला. "आणखी दोन मिनिटं गेली असती तर पडदा पेटला असता, आजी."

"पण इथं भोंगा लावला कुणी?" मी विचारले.

"मी, काल," पत्नी म्हणाली. "आत्या म्हणाल्या, लाव बाई, पण त्याला कळू देऊ नकोस. भाषण करील."

पराभव मान्य करील तो प्रमुख कसला! हातातला माइक अजून चालूच होता.

"आत्या, खरं सांग," माझा आवाज साऱ्या जिन्यात घुमला, "तुला पटलं ते माझ्या भाषणांमुळेच ना?"

आत्याने माइक माझ्या हातातून घेतला, उलटा करून त्यातला सेल काढला, तो माझ्या तळहातावर ठेवला आणि जळके पातेले उचलून मोरीकडे चालती झाली.