वेशीवरचे किसनकाका

चिखलीला आमच्या भिंतीला भिंत लावून किसनकाका राहत. कुठल्याही गावाला गेले, की हा माणूस वेशीवर उभा. कुणी 'या' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत. माझ्यासाठी मुलगी बघायला मेहकरकडे गेलो, तर आमची मंडळी पोहे खाऊन मोकळी झाली आणि काका बाहेर चिंचेखालीच. शेवटी मुलीच्या बापाला धावत जावं लागलं. वर काकांनी मलाच सुनावलं, "गावात घुसू नाही बे. गावानं बलवावं लागते."

हे खूळ इटलीचं. महायुद्धात काका तिकडे पलटणीची खेचरं हाकत होते, समुद्राच्या कडेकडेनं, गावोगाव. आता नवा महाराष्ट्र होऊन एस.टी. दारात आली, तरी काका पायीच. "जीपवाल्याईले इटलीची निस्ती धूळ दिसली. खेचराले घाई नसते, म्हून मले मानसं दिसले." शेतात कुणी दिसलं की टोपी काढून तिकडचा रामराम घालायचे, "बोंजोर्नो!" शेंगा तोडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

दिवाळी सरली की काका घाटाखालच्या आपल्या जन्मगावी पायी जात, वेशीवर उभे राहत आणि कुणी बोलावलं नाही की परत येत. एका वर्षी मी सोबत गेलो. न राहवून म्हटलं, "गाव तुमचंच ना? मग जा ना आत."

"आमच्या वस्तीत आता कोनी नाही. अन् गावानं माह्या बापाले जल्मभर वरून पानी ओतलं, इटाळ नको म्हून. तिकडं एका म्हातारीनं मले रस्त्यावरून हाक मारली. आपल्या पेल्यात पानी देल्लं. म्या अर्धं पेलो, अन् उरलेलं तिनं पेलं बे. माह्यं उष्टं!" काकांनी वेशीकडे बोट केलं. "तशी एक हाक माह्या गावातून आली पाह्यजे. बस."

उभे राहिलो. ऊन चढलं. पारावरचे म्हातारे बघत होते, पण ओळख देईनात. मी त्यांच्यावर डोळे वटारले, तर काकांनी मलाच टोपी काढायला लावली.

तेवढ्यात वेशीलगतच्या मोठ्या घरातली नवी सून ओट्यावर आली. तिला बिचारीला कोण कुठला, काय ठाऊक!

"उन्हात काऊन उभे हा, बाबा? आत या नं. पानी प्या."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग चपला काढून ओट्यावर चढले. तिनं दिलेला पेला सवयीनं उंच धरून वरून पिऊ लागले. निम्मं पाणी सदऱ्यावर.

"तोंड लावून प्या नं. घासाले मी हाय."

काकांनी तोंड लावलं. पाणी संपलं तरी पेला खाली येईना. त्याच्याआड काका रडत होते.

घाटाखालच्या विहिरी खाऱ्या. ती पोर कावरीबावरी झाली. "पानी लई खारं लागलं का जी बाबाले?"

"नाही वहिनी," मी म्हटलं, "गोड हाय."